लाल शाईचं पान

खालची आळी, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

चि. सलिल यास,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

परवा पाण्याचा दिवस होता. सकाळी साडेनऊला मी चढ चढून तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी आलो. वॉचमनने नाव विचारलं, फोनमध्ये घातलं आणि मला कॅमेऱ्यासमोर तोंड वर करायला लावलं. फोटो तुझ्या फ्लॅटला गेला. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "काका, रिजेक्ट आलंय." मी म्हटलं, अरे बाबा, मी मामा आहे त्याचा, त्याचं जावळ माझ्या मांडीवर झालंय. तो म्हणाला, "असेल काका, पण ॲपमध्ये रिजेक्ट आहे." बिचाऱ्याने प्यायला पाणी पुढे केलं, ते मी घेतलं नाही. तुझी गाडी खाली उभी होती. म्हणजे तू घरात होतास, मामाचं थोबाड स्क्रीनवर बघितलंस आणि बोट दाबलंस. छान.

म्हणून हे पत्र. फाटकावरच्या पेटीत टाकतो आहे. पेटीला अजून रिजेक्ट करता येत नाही.

आता मुद्दा. एकतीस वर्षं मी ह्या भागाला पाणी सोडलं. खडकवासल्याहून टाकीत आलेलं पाणी कुठल्या व्हॉल्व्हचे किती आटे फिरवले की कुठल्या गल्लीत किती मिनिटांनी पोचतं, ते मी रोज डायरीत लिहीत गेलो. माझ्या जागी आलेला पोरगा अजून त्याच वेळा पाळतो. दिवाळीत तू ती डायरी मागितलीस. म्हणालास, "मामा, ह्याचं ॲप करतो. आळीतल्या बायकांना कळेल पाणी कधी येणार, ताटकळत बसायला नको." मला भरून आलं. मी मूर्ख. डायरीला नवं कव्हर घालून दिली तुला.

आळीतल्या एकाही बाईच्या फोनवर काही आलेलं नाही. तुमच्या सोसायटीने मात्र सरळ सार्वजनिक लाइनवर मोटर बसवली आहे. पाणी यायची वेळ झाली की ती आपोआप सुरू होते आणि सगळं पाणी वर ओढते. खाली आळीचा शेवटचा नळ कमरजहांबींच्या दारात आहे. बी विद्यार्थ्यांचे डबे करतात, त्यावर त्यांचं आणि नातीचं घर चालतं. तो नळ एकोणीस दिवस कोरडा आहे. बाई साठीच्या घरात आल्या, कळश्या घेऊन दोन गल्ल्या पलीकडे जातात.

मोटर काढ. डायरी परत दे. दोनच गोष्टी आहेत.

दिगंबर
(मामा, हे सांगावं लागतंय म्हणून लिहिलं)


सुवर्णशिखर सोसायटी
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी त्या दिवशी कॉलवर होतो. अनोळखी व्हिजिटर समजून रिजेक्ट झालं असेल. त्याचं एवढं महाभारत करायचं कारण नाही.

तुम्ही इमोशनल होऊन लिहिलंय, मी पॉइंट टू पॉइंट उत्तर देतो. मोटर मी बसवलेली नाही, सोसायटीने बसवली. जनरल बॉडीत ठराव झाला. दोनशे कुटुंबं आहेत इथे, म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. आम्हालाही पाणी लागतं. लाइनवर मोटर लावू नये असा नियम आहे हे मला माहीत आहे, पण निम्म्या शहराने लावली आहे. फरक एवढाच की त्यांच्या मोटरी आंधळ्या आहेत, आमची हुशार आहे.

आणि हो, ॲप तयार आहे. नाव आहे "पहिली धार". आळीसाठीही करणार होतो, पण तिथून सबस्क्रिप्शन कोण भरणार, हे तुम्हीच सांगा. सध्या आमच्यासकट बारा सोसायट्या वापरतात. तुमच्या डायरीची मी सगळी पानं स्कॅन केली. कॉम्प्युटरने आकडे उचलले, बाकी मजकूर कचरा म्हणून काढून टाकला. आणि मामा, तुम्हाला कल्पना नसेल, पण सगळ्यात मोलाचं पान कुठलं निघालं माहिती आहे? ते लाल शाईचं. एकतीस वर्षांत एकच पान लाल आहे. त्यातल्या आकड्यांवरून कळतं, की खालच्या आळीत पाणी पोचायच्या आधीची पंधरा मिनिटं वरच्या फाट्याने, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पाइपने, ओढून घेतली, तर सगळं पाणी वर येतं. आमचं सगळं प्रॉडक्ट त्या पानावर उभं आहे. तुम्ही स्वतः शोधून काढलंत हे, आणि कुणाला सांगितलं नाहीत! मी टीमला म्हटलं, माझा मामा जीनियस आहे.

तुमचं नाव वेबसाइटवर टाकायला माझी हरकत नाही. तेवढंच हवं असेल तर सरळ सांगा. आईला ह्यात ओढू नका, तिचं बीपी वाढतं.

आपला,
सलिल


खालची आळी
१३ फेब्रुवारी २०२५

सलिल,

तुझं पत्र एक हेल्मेटवाला घेऊन आला. चार आकडे सांगितल्याशिवाय देईना. अर्ध्या किलोमीटरवरून भाच्याचं पत्र, आणि त्याला पासवर्ड. चालत आला असतास तर पाय झिजले नसते.

"पहिली धार" हे नाव कुठल्या शहाण्याने सुचवलं? आळीतला एक बेवडा ऐकून खूश झाला, पहिल्या धारेची कुठे मिळते म्हणून मला विचारत होता.

माझं नाव वेबसाइटवर टाकशील तर तंगडं मोडून हातात देईन. आणि लाल पानाबद्दल पुन्हा एक अक्षर काढू नकोस. ते काय आहे हे तुला माहीत नाही आणि विचारायची तुझी लायकी नाही.

तू इंजिनिअर आहेस म्हणून एक इंजिनिअरिंगची गोष्ट सांगतो. आमची लाइन जुनी आहे, जागोजागी तडे आहेत आणि हातभरावरून गटार जातं. पाइप भरलेला असला की पाणी तड्यातून बाहेर गळतं, आत काही येत नाही. पण अर्धवट भरलेल्या पाइपला मोटर लावून ओढलंस की पाइप बाहेरचंही ओढतो. म्हणजे गटाराचं. ते खालच्या नळाला येणार आणि तुमच्या टाकीतही. तुमच्या हुशार मोटरला नाक नाही, तेवढं ध्यानात ठेव.

दुसरी गोष्ट इंजिनिअरिंगची नाही. मी कामाला लागलो तेव्हा रंगराव आमचे मुकादम होते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची तर आम्ही चाव्यांची करायचो. छातीइतकी उंच लोखंडी चावी असते, तिने व्हॉल्व्ह फिरवतात. रंगरावांनी पहिल्या वर्षी माझे दोन्ही हात त्या चावीवर ठेवले आणि म्हणाले, "दिगंबर, म्हण. आधी शेवटचा नळ." मी म्हटलं. मग विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "पहाटे चारला तू एकटा असणार. साहेब झोपलेला, नगरसेवक झोपलेला, देवळं बंद. नियम बघायला कुणी नाही. तेव्हा जे तुझा हात धरेल ते आत्ता ह्या चावीवर ठेव, नाहीतर चावी खाली ठेव आणि घरी जा."

तुझ्या मशीनच्या हातावर असं काही ठेवलंयस का? तू ठेवशील तेच तिथे असणार ना? तू काय ठेवलंस, तर पंधरा मिनिटं. निम्मं शहर करतं म्हणे. निम्म्या शहराला डायरी देणारा मामा नाही वाटतं, तुला आहे.

डायरी परत पाठव. तो हेल्मेटवालाही चालेल.

दिगंबर


सुवर्णशिखर सोसायटी
६ मार्च २०२५

मामा,

तीन आठवडे मी गप्प बसलो, कारण मला वाद वाढवायचा नव्हता. पण आता तुम्ही लिमिट क्रॉस केली आहे.

मंगळवारी पहाटे आमच्या मोटरचा सेन्सर बॉक्स कुणीतरी ठेचून टाकला. पार भुगा. सीसीटीव्हीत चेहरा दिसत नाही, पण डोक्यावरची टोपी दिसते. चॉकलेटी माकडटोपी, डाव्या कानापाशी हिरव्या लोकरीने रफू केलेली. ती टोपी मी लहानपणापासून बघत आलोय. सेक्रेटरी प्रियदर्शनी मॅडम पोलीस कम्प्लेंट करणार होत्या. मी त्यांच्या हातापाया पडून थांबवलंय, कारण माझ्या सख्ख्या मामाला चौकीत बसलेलं बघणं मला परवडणार नाही. नवा बॉक्स कालच बसवला, आणि ह्या वेळी लोखंडी पिंजऱ्यात. उगाच पुन्हा त्रास घेऊ नका.

खरं सांगू? तुमचं दुखणं आळीचं नाहीच. चावी खांद्यावर टाकून निघालात की गल्लीतले लोक उठून उभे राहायचे. "दिगंबरराव, आज जरा जास्त सोडा." आता ते काम एक चिप करते आणि तुम्हाला कुणी विचारत नाही. हे पचत नाही तुम्हाला.

आणि तत्त्वज्ञान मला शिकवू नका. ते लाल पान मी काल नीट वाचलं. आकडे नाही, अक्षरं. "ललिताकडे सलिलचं जावळ. वरचा फाटा पंधरा मिनिटं आधी उघडला." तारीख, सही, सगळं आहे. म्हणजे आधी शेवटचा नळ, फक्त बहिणीच्या घरी कार्य नसेल तेव्हा! तुम्ही एका कुटुंबासाठी केलंत, मी दोनशे कुटुंबांसाठी करतो. तुम्ही चोरून केलंत, मी ठराव करून. आता बोला, कोण मोठा स्वार्थी?

आईला ह्यातलं काही सांगितलेलं नाही.

सलिल


खालची आळी
७ मार्च २०२५

सलिल,

बॉक्स मी फोडला नाही. पटत नसेल तर पोलिसांना पाठव, त्यांना चहा पाजीन. टोपी दोन वर्षांपूर्वी तुमच्याच घरी विसरलो होतो.

फोडायची इच्छा नव्हती असं मात्र म्हणणार नाही. निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी मला माझी चावी आठवण म्हणून दिली. ती कॉटखाली आहे. ह्या महिन्यात दोनदा बाहेर काढली. तुमच्या फाट्याचा व्हॉल्व्ह सात आट्यांचा. सात वेळा फिरवला की तुमची दोनशे कुटुंबं आणि त्यांचा ठराव कोरडा ठणठणीत. दुसऱ्यांदा तर मी चेंबरचं झाकण उचललं होतं. पहाटेची वेळ, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. फार बरं वाटत होतं रे. इतकं बरं वाटतंय म्हणूनच झाकण परत ठेवलं आणि घरी आलो.

आता लाल पान. तू अर्धंच वाचलंस. कॉम्प्युटरने आकडे उचलले, तू एक ओळ उचललीस. पान उलटायचं सुचलं नाही तुला. मी सांगतो मागे काय आहे.

एक्याण्णव सालचा मे महिना. टाकी निम्मी. तुझं जावळ होतं आणि तुझ्या वडिलांकडची पन्नास माणसं साताऱ्याहून आली होती. ललिता म्हणाली, "दादा, आजच्या दिवस बघ ना काहीतरी, माझी लाज जाईल." मी म्हटलं, पंधरा मिनिटांनी काय होतंय? वरचा फाटा आधी उघडला. तुमच्याकडे पिंपं भरली, हौद भरला, अंगणात सडासुद्धा पडला. तू माझ्या मांडीवर भोकाड पसरलंस, न्हावी वस्तरा चालवत होता आणि मी हसत होतो.

त्याच पहाटे खालच्या आळीत कमरजहांबींचा नवरा जब्बार वारला होता. रिक्षा चालवायचा. तीस वर्षांचा गडी, छातीत कळ येऊन गेला. मय्यतीला आंघोळ घालायची तर दारातला नळ कोरडा. पाणी आळीत पोचलंच नाही त्या दिवशी. चार माणसं घागरी घेऊन स्वारगेटपर्यंत पळाली. ती पंचविशीतली बाई मेलेल्या नवऱ्यापाशी बसून नळाकडे बघत होती. दुपारी मी लाडवांचा डबा घेऊन आळीत आलो, तेव्हा मला हे कळलं.

तसाच सदाशिव पेठेत रंगरावांच्या घरी गेलो. म्हटलं, माझी बदली करा. ते म्हणाले, "बदली करून काय होणार? तिकडेही शेवटचा नळ असणारच. तिला जाऊन सांग." मी गेलो आणि सांगितलं. ती जे बोलली ते आमच्या दोघांतलं आहे. घरी येऊन पान लाल शाईने लिहिलं, दोन्ही बाजूंनी. पुढे वाटलं फाडून टाकावं, पण मग ती दुसरी चोरी झाली असती.

तर शहाण्या, तू ज्याच्यावर प्रॉडक्ट उभं केलंस ते माझं डोकं नाही, माझं पाप आहे. मी ते एकदा केलं आणि चौतीस वर्षं त्याच्याबरोबर राहतोय. तू त्याला बटण लावून एक दिवसाआड बारा ठिकाणी करतोस, आणि तुला काहीच होत नाही. माझा राग त्याचा आहे. चावी गेली म्हणून नाही.

कोण मोठा स्वार्थी म्हणून विचारलंस. घे, मी. आता मोटर काढ.

दिगंबर


खालची आळी
२१ मार्च २०२५

सलिलबाबांना कमरजहांचा सलाम.

मी सांगते आहे, माझी नात शबनम लिहिते आहे. तुमचा नंबर दिगंबरभाईंच्या फोनमध्ये आहे, पण तुम्ही उचलत नाही. म्हणून तीच हे फाटकावर देऊन येईल.

दिगंबरभाई काल दुपारी माझ्या नळापाशी चक्कर येऊन पडले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी राहिलेलं नाही, किडन्यांवर आलंय. आधीचा खड्यांचा त्रास होताच. डॉक्टर मला रागावले, घरात म्हाताऱ्या माणसाला पाणी देत नाही का म्हणून. मी काय सांगणार?

त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, ते कुणालाच सांगत नाहीत. माझे शोहर गेले त्या दिवशी ते माझ्या दारात येऊन रडले, चूक माझी आहे म्हणाले. मी तरुण होते, डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला तहान लागेल तेव्हा कळेल." रागाने बोलून गेले. त्या माणसाने ते धरून ठेवलं. त्या दिवसापासून पाण्याच्या दिवशी माझ्या नळाला पाणी आल्याशिवाय ते घोटभर पीत नाहीत. चहासुद्धा नाही. मी किती वेळा म्हटलं, भाई, मी माफ केलं, आता पुरे. ते हसतात आणि विषय बदलतात. तेव्हा चालून जायचं, सकाळी सात-साडेसातला पाणी यायचंच. आता दोन महिने पाणीच येत नाही. मग ते दिवस मावळेपर्यंत तसेच बसतात, एक दिवसाआड, ह्या उन्हात. कधी नळ ठिबकला तर त्याला गटाराचा वास असतो.

माझे रोजे चालू आहेत. माझा रोजा संध्याकाळी अजान झाली की सुटतो. त्यांचा सोडवणं तुमच्या हातात आहे, माझ्या नाही.

मला तुमच्याकडून पाणी नको. पंधरा मुलामुलींचे डबे मी कसेही करीन, दोन महिने केलेच. पण हा माणूस माझ्या एका शब्दापायी मेला तर मी काय करू, ते मला सांगा.

कमरजहां


सुवर्णशिखर सोसायटी
२४ मार्च २०२५

ती. मामा,

शनिवारी आणि रविवारी दवाखान्यात येऊन गेलो. नर्स म्हणाल्या, पेशंटने सांगितलंय सलिल नावाच्या माणसाला आत सोडायचं नाही. ठीक आहे. मी तेच केलं होतं, तुम्ही परत केलंत.

काल मोटर काढली. कमिटीला मी पटवलं, खूप भांडावं लागलं. वायरसकट काढून टाकलीय, वॉचमनला विचारा. परवा पाण्याचा दिवस आहे, बींच्या नळाला पाणी येईल. आता तरी प्या. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी दिवसाला तीन लिटर सांगितलंय. चांगल्या पाण्याचा वीस लिटरचा जार तुमच्या खोलीवर पाठवला आहे.

बॉक्स आईने फोडला. मी पुन्हा फुटेज बघितलं. टोपी तुमची आहे, पण हातात वरवंटा आहे आणि बांगड्या आहेत. तिला विचारलं तर म्हणाली, "हो, मीच. तुझं पहिलं पत्र तू प्रिंटरवर तसंच ठेवलंस, ते वाचून फोडला. आणि दादाने माझ्यासाठी केलं त्याचं खाली काय झालं, ते त्याचं तुला आलेलं पत्र वाचून मला चौतीस वर्षांनी कळतंय." चार दिवस माझ्याशी बोलत नाही.

मी तुमच्यावर घेतलेल्या आळाबद्दल सॉरी. चावीबद्दल जे बोललो त्याबद्दलही. पान उलटून वाचलं. मला माहीत नव्हतं, मामा. खरंच माहीत नव्हतं.

राहता राहिलं ॲप. बाकीच्या अकरा सोसायट्यांशी करार झाले आहेत, पार्टनर आहेत, लोकांच्या नोकऱ्या आहेत. ते एका रात्रीत बंद होत नसतं, ते आता माझ्या हातात नाही. तुम्ही समजून घ्याल.

डायरी सोबत परत पाठवतो आहे.

तुमचा,
सलिल


खालची आळी
२ एप्रिल २०२५

सलिल,

परवा घरी सोडलं. ईद होती. बींनी शीरखुर्मा पाठवला, तो खाल्ला. त्याआधी सव्वीस तारखेला सकाळी सहा पन्नासला त्यांच्या नळाला धार आली. शबनमने फोन करून तिचा आवाज ऐकवला. मग मी दवाखान्यातल्या नळाचं दोन ग्लास पाणी प्यालो. तुझा जार उघडलेला नाही, वॉचमनकडे ठेवला आहे. बिचाऱ्याने मला पाणी विचारलं होतं एकदा.

ललिता येऊन गेली. रिक्षाने आली, ॲपशिवाय. तिने मला सांगितलं, की तुमच्या टाकीतल्या पाण्याला आठवडाभर गटाराचा वास येत होता, तिसऱ्या मजल्यावर दोघांना कावीळ झाली आणि तुझ्या प्रियदर्शनी मॅडमनी तासाभरात मोटर काढायला लावली. तू पटवलंस म्हणे, खूप भांडावं लागलं म्हणे. अरे, मी दवाखान्यात पडलो असताना तू मला खोटं लिहितोस? एवढी तरी लाज बाळग. वास आला नसता तर मोटर आजही चालू असती, आणि मी आत्ता तुला पत्र लिहीत नसतो.

बॉक्सचं तिने केलं ते चूक केलं, तसं तिला म्हटलं. वरवंटा मात्र चांगला आहे, आईचा आहे, जपून ठेवा.

"माझ्या हातात नाही" म्हणतोस. मीही त्या दिवशी तेच म्हणू शकलो असतो, की बहिणीने गळ घातली, पन्नास पाहुणे होते, माझ्या हातात काही नव्हतं. हात माझेच होते. चावीवर होते. तुझा हात कुठल्या बटणावर आहे ते तुला माहीत आहे आणि मलाही. पार्टनर तू केलेस, करार तू केलेस. अकरा सोसायट्या म्हणजे खाली अकरा शेवटचे नळ. तिथेही कुणीतरी आज सकाळी नळाकडे बघत बसलं असेल. त्यांच्या आळीत कुणी मामा राहत नाही, एवढाच तुझा फायदा.

डायरी परत पाठवतो आहे. कव्हर मी घातलेलंच आहे, शेवटची पानं कोरी आहेत. सोबत लाल पेन आहे, नवं, काल स्वारगेटवरून आणलं. अकराही नळांची नावं लिही, कुणाच्या दारात आहेत ते जाऊन विचारून लिही. कॉम्प्युटरला देऊ नकोस, तो कचरा म्हणून काढून टाकेल. आणि प्रत्येकापुढे मोटर निघाली ती तारीख टाक. पानाच्या मागे काय लिहायचं ते तुला तिथे गेल्यावर कळेल.

तोवर इकडे येऊ नकोस. आलास तर आत घेणार नाही. माझ्या दाराला कॅमेरा नाही, कडी आहे, आणि ती मी आतून लावली आहे. अकराव्या नळाला पाणी आलं, की येऊन वाजव.

दिगंबर